तिजानीची नळी आणि लारूसीचे हात

स्फाक्समधून गाबेसच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला जैतुनाचा एक जुना घाणा लागतो. घाणा बंद पडून वीस वर्षं झाली. आत आता तिजानी क्शाऊचं गॅरेज आहे, पण पत्ता सांगताना लोक अजून 'घाण्यापाशी' असंच म्हणतात, आणि तिजानीलाही त्यात काही वावगं वाटत नाही. चौदाव्या वर्षी तो याच घाण्यात कामाला लागला होता. घाणा गेला, तो राहिला.

त्या काळी जैतुनाचा लगदा काथ्याच्या चकत्यांवर पसरायचे, चकत्यांची माणसाएवढी चळत रचायचे आणि दाबाच्या यंत्रानं ती खालून आवळायचे. पंप, नळ्या, सिलिंडर. हे यंत्र तिजानीनं वीसेक वर्षं सांभाळलं. पुढे इटलीहून लगदा गरगर फिरवून तेल काढणारी यंत्रं आली, चकत्या अडगळीत गेल्या, मालक तुनिसला मुलाकडे गेला. तिजानीनं पान्हे उचलले आणि त्याच छपराखाली मोटारींची पॉवर स्टिअरिंग दुरुस्त करायला सुरुवात केली. दाबाखालचं तेल घाण्यात असो की गाडीत, त्याचा स्वभाव एकच, असा त्याचा सिद्धांत होता. सिद्धांत जवळजवळ बरोबर होता.

दुसरं काम तो घेत नसे. कोणी ब्रेकचं नाव काढलं की हनुवटीनं रस्त्यापलीकडचं गॅरेज दाखवी. स्वतः मोपेडवर फिरे. साठीला दोन वर्षं कमी असलेल्या, बऱ्यापैकी पोट असलेल्या माणसाला ती मोपेड फारशी शोभत नसे, पण मोपेडला स्टिअरिंगचा पंप नसतो, त्यामुळे घरी गेल्यावर तरी डोक्याला काम राहत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याचं नाव झालं ते एका नळीमुळे. थांब्यावरच्या लुआज, म्हणजे आठ उतारू भरले की सुटणाऱ्या, लाल पट्ट्याच्या पांढऱ्या व्हॅन, दर ऑगस्टमध्ये एकच दुखणं घेऊन येत. पंपापासून स्टिअरिंगकडे जाणारी रबरी नळी उन्हानं आणि दाबानं फुटे, ऑइल रस्त्यावर सांडे आणि ड्रायव्हरला स्टिअरिंग रेड्यासारखं ओढत गाडी आणावी लागे. घाण्याच्या कोठीत जुन्या यंत्राच्या नळीची दोन भेंडोळी उरली होती. आत स्टीलच्या जाळीचे दोन थर, बोटानं दाबली तर बोट दुखावं अशी. तिजानीनं तिचे तुकडे कापले, टोकं बसवून घेतली आणि एका लुआजला जोडून दिली. ती फुटली नाही. दुसरीही फुटली नाही. चार वर्षांत अकरा गाड्यांना त्यानं ती बसवली, आणि थांब्यावर म्हण पडली की तिजानीची नळी मालकाच्या मयतालाही हजर राहील. तिजानीनं ही म्हण ऐकली की तो खाली बघून काहीतरी पुसायला लागे. खूश झाल्याची त्याची तेवढीच खूण होती.

यातली अकरावी गाडी लारूसीची. लारूसी चौसष्ट वर्षांचा, अडतीस वर्षं स्फाक्स-गाबेस मार्गावर. ऑक्टोबरात एका बुधवारी तो गॅरेजात आला, इंजिन बंद केलं आणि बराच वेळ आतच बसून राहिला.

"उतरणार आहेस, की मीच आत येऊ?" तिजानी म्हणाला.

"उस्ता, स्टिअरिंग थरथरतंय."

"कधी?"

"थांब्यावर. गाडी मुंगीच्या पावलानं चाललीय आणि मी चाक पुरतं वळवलं की. ताप भरलेल्या माणसाचे दात वाजतात तसं."

"हायवेवर?"

"हायवेवर काही नाही. हायवेवर शहाण्यासारखं वागतं."

एवढ्यावर तो थांबला नाही, कारण खरं दुखणं पुढेच होतं. थांब्यावरच्या लोकांना स्टिअरिंग दिसत नव्हतं, त्यांना लारूसीचे हात दिसत होते. रांगेतून गाडी काढताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ते लटलट कापत. आधी थट्टा झाली, मग कोणी थट्टा करेना, आणि ते जास्त वाईट होतं. गाबेसला जाणारी एक बाई त्याच्या गाडीत चढून पुन्हा उतरली. थांब्याचा अमीन शेदली, म्हणजे गाड्यांचा क्रम लावणारा आणि भांडणं मिटवणारा माणूस, त्याला बाजूला घेऊन गोड बोलला होता. काका, खूप झालं. जावयाला बसवा स्टिअरिंगवर. नौफेलकडे परवाना आहेच.

"मी म्हटलं, हात माझे नाही कापत, स्टिअरिंग हातांना कापवतंय," लारूसी म्हणाला. "तो म्हणाला, ठीक आहे, तिजानीला सांगू दे. तिजानी म्हणाला गाडीत दोष आहे, तर तुमची गाडी तुम्हीच चालवा. नाहीतर सोमवारपासून नौफेल."

तिजानीनं बाह्या वर केल्या. पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, हवा तेवढाच ताठ होता. ऑइलच्या डब्याचं झाकण काढलं. फेस असता तर कुठून तरी हवा शिरते आहे असं म्हणता आलं असतं, पण ऑइल स्वच्छ, तळ दिसावा असं होतं. पंपाला दाबाचा काटा लावला, काटा इमानदारीत उभा राहिला. टायरची हवा मोजली. गाडीखाली आडवा होऊन एकेक सांधा हातानं हलवला, एकही खुळखुळला नाही. नळीकडे त्यानं बघितलं नाही. स्वतःच्या मुलाची कोणी झडती घेत नाही.

शेवटी तो आत बसला आणि चालू इंजिनावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. चार वेळा, पाच वेळा. ते हलव्यात सुरी फिरावी तसं फिरलं.

तोवर समोरच्या कॅफेतून संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेली कॉफी आली होती. लारूसीनं पेला उचलला. पेला बशीवर किणकिणला. थोडाच, पण किणकिणला. तिजानीनं पेल्याकडे बघितलं, आणि तो बघतोय हे लारूसीनं बघितलं.

"गाडीत काही नाही," तिजानी म्हणाला.

"मग कशात आहे?"

"मी गाड्यांचा मिस्त्री आहे, लारूसी."

लारूसीनं कॉफी तशीच ठेवली आणि गेला. संध्याकाळी शेदलीचा फोन आला. "उस्ता, मला लांबड नको. एका शब्दात सांग."

"गाडी ठीक आहे," तिजानी म्हणाला. एक मागितला होता, त्यानं तीन दिले, आणि तिन्ही लारूसीच्या विरुद्ध गेले.

शुक्रवारी दुपारी घरी माशाचं कुसकुस होतं. तिजानीची बायको दलंदा मोठ्या परातीत रस्सा ओतता ओतता म्हणाली, "लारूसीची बायको हम्मामात भेटली होती. रडत होती."

"हं."

"म्हणते, नवरा घरात बसला तर चार महिन्यांत मरेल, नाही मेला तर मीच त्याला मारेन."

"वय झालं की हात कापतात. मी काय करू?"

"कापतात? मग तिला सुई कोण ओवून देतं? तिला दिसत नाही धड. परवा रजईला टाके घालायला बसली होती. म्हणते, एका फटक्यात ओवली त्यानं."

"ते सुईचं काम. स्टिअरिंगचं वेगळं."

"हात तेच ना, माणसा? का सुईसाठी तो दुसरे हात लावतो?"

तिजानीनं माशातला काटा काढण्यात बराच वेळ घालवला.

"पेला वाजला त्याचा," तो अखेर म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितलं."

"तुझ्या तोंडून फाशी ऐकायला बसलेला माणूस, पेला वाजणार नाही तर काय गाणार? त्याच्या गाडीतून तू कधी गेलायस?"

"मी गाडी तपासतो. त्यातून जायचं काय कारण?"

"वा! आचारी, पण जेवण चाखत नाही," दलंदा म्हणाली आणि परातीतला मोठा तुकडा मुद्दाम स्वतःच्या बाजूला ओढून घेतला.

रविवारी सकाळी तिजानी मोपेड थांब्यावर लावून लारूसीच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला. लारूसीचा हा शेवटचा रविवार होता. त्यानं तिजानीकडे बघितलं आणि सकाळची दुआ-सलामसुद्धा पुढे ढकलली.

"गाबेसला काय काम?" गाडी महरेसच्या पुढे गेल्यावर त्यानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, त्यासाठी गाबेस लांब आहे."

हायवेवर त्याचे हात स्टिअरिंगवर दोन पाळीव मांजरांसारखे पडून होते. तिजानी दीड तास त्यांच्याकडेच बघत होता. मागे सहा जण आणि त्यांच्या पायांशी पिशव्या, टपाच्या कडेपर्यंत सामान. पुढे दोघांच्या मध्ये मांडीवर तेलाचा पत्र्याचा डबा घेतलेली एक जाडजूड बाई. तिला तिजानीचं टक लावून बघणं आवडलं नव्हतं.

गाबेसच्या थांब्यात शिरताना गाडी मुंगीच्या पावलावर आली. खडबडीत डांबर, वर सांडलेली खडी. जागा अरुंद, म्हणून लारूसीनं चाक पुरतं डावीकडे घेतलं, आणि ते सुरू झालं. त्याचे हात, मनगटं, कोपरापर्यंत सगळं लटलटायला लागलं. त्याचं तोंड फिकं पडलं.

"हात काढ," तिजानी म्हणाला.

"काय?"

"ब्रेकवर पाय ठेव, हात काढ!" आणि बाईच्या डब्यावरून आडवा होऊन त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलं आणि वळवलं. ते त्याच्या हातातही थरथरलं. दातांपर्यंत आलं. त्यानं पुन्हा वळवलं, खात्री म्हणून, आणि मग तिसऱ्यांदा, आशा म्हणून. पण ते थरथरलंच.

"या खुदा," बाई म्हणाली, "एका म्हाताऱ्याच्यानं होईना, म्हणून दुसरा बरोबर आणलाय! अरे, माझा डबा!"

उतारू उतरले. तिजानीनं बॉनेट उघडलं आणि लारूसीला आत बसवून चाक वळवायला सांगितलं. आता बघायला एकच गोष्ट उरली होती, आणि ती गेल्या बुधवारीही तिथेच होती. चिंधी गुंडाळून त्यानं नळीवर तळवा ठेवला. पंपाकडच्या टोकाला टकटक, टकटक. हात सरकवत तो दुसऱ्या टोकाला गेला. तिथेही तीच टकटक, तसूभर कमी नाही.

पंप सलग दाब देत नाही. त्याची पाती एकामागून एक धक्के देतात. कारखान्याची रबरी नळी थोडी फुगते आणि हे धक्के वाटेत गिळून टाकते, पुढे जातो तो नुसता दाब. तिजानीची नळी फुगत नव्हती. तिची ख्यातीच ती होती. ती धक्के जसेच्या तसे, प्रामाणिकपणे, पोचवत होती. वेगात चाक वळवायला जोर लागत नाही, धक्केही भराभर येऊन एकमेकांत मिसळतात. पण इंजिन मंद, गाडी भरलेली, खाली खडबडीत रस्ता आणि चाक पुरतं वळलेलं, म्हणजे दाब सगळ्यात जास्त आणि धक्के सुटेसुटे. घाण्यात चाललं असतं. चकत्यांच्या चळतीला धक्का बसला तर चळत तक्रार करत नाही. इथे त्या टोकाला माणूस होता.

गॅरेजात का दिसलं नाही, हेही त्याला त्याच वेळी कळलं आणि त्यानं बॉनेटच्या आतच डोळे मिटले. साठ वर्षं जैतुनाचं तेल प्यालेली ती काळी फरशी. तिच्यावर रिकाम्या गाडीची चाकं साबणासारखी घसरत होती. त्या फरशीवर रणगाड्याचं स्टिअरिंगही करंगळीनं फिरलं असतं. इतकी वर्षं प्रत्येक गाडी तिनं पास केली होती.

पलीकडे त्याचीच नळी बसवलेली आणखी एक लुआज उभी होती. तिचा ड्रायव्हर तिशीचा, दाराला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. तिजानी त्याच्याकडे गेला.

"तुझं स्टिअरिंग थरथरतं? हळू असताना?"

"थरथरतं ना! केव्हापासून. मी गाणं लावतो, ठेक्यात जातं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नळी तूच बसवलीस की, उस्ता," तो पोरगेला ड्रायव्हर मनापासून म्हणाला. "मला वाटलं, काहीतरी कारण असेल."

म्हणजे अकराच्या अकरा थरथरत होत्या. दहांना तरुण ड्रायव्हर होते म्हणून ती गाडीची लकब ठरली. एकाला म्हातारा होता, म्हणून तो आजार ठरला.

परतीच्या वाटेवर स्खीरा गाव मागे पडलं. मग लारूसी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "म्हणजे गाडीत होतं."

"नळीत होतं."

"नळी गाडीत नसते?"

"असते."

"आणि नळी कोणाची?"

"माझी."

"बरं," लारूसी म्हणाला. काही मैल गेल्यावर पुन्हा म्हणाला, "बरं." तिजानीला वाटलं, यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

स्फाक्सच्या थांब्यावर संध्याकाळच्या चहाची गर्दी होती. शेदली आपल्या पत्र्याच्या खोलीच्या खिडकीत सोमवारची यादी लिहीत होता. तिजानीला हे त्याच्याशी कानात बोलता आलं असतं. थांब्यावरचं प्रत्येक भांडण तसंच मिटतं, कानात. पण त्याचे ते तीन शब्द कानात राहिले नव्हते. तो खिडकीपाशी उभा राहून, चहा पिणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लारूसीच्या हातात काही नाही. दोष माझ्या नळीचा आहे. अकराही गाड्यांना आहे. मी तपासलं ते चुकीचं तपासलं."

कोणीतरी चहा गिळायचा थांबला.

"उस्ता," शेदली हळूच म्हणाला, "मैत्री मैत्रीच्या जागी, पण माणसं बसतात रे त्या गाडीत. तू बुधवारी एक म्हणालास, आज दुसरं."

"मग माझं ऐकू नकोस. उद्या बघ."

सोमवारी पहाटेच तिजानीनं दुकानातून कारखान्याची रबरी नळी आणून बसवली. त्यानं ती दोन बोटांनी दाबली. दबली. चार वर्षं ज्या गोष्टीला तो मऊ म्हणून हसत आला, ती ही. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून तो स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिला. दर दोन-चार फेऱ्यांनी उतरून ऑइलमधले बुडबुडे बघायचे, ऑइल भरायचं, पुन्हा फिरवायचं. घाई केली तर आत हवा राहते आणि हवा पुन्हा थरथरवते. बुडबुडे संपेपर्यंत त्यानं कॉफी मागवली नाही.

थांब्यावर नौफेल आधीच येऊन उभा होता, हातात स्टिअरिंगला घालायचं नवं कोरं केसाळ कव्हर. तिजानीनं त्याला ओलांडून शेदलीला सांगितलं, "रिकामी गाडी चालणार नाही. आठ माणसं भर. आणि इथेच, खडीवर."

त्या वेळी उतारू नव्हते, म्हणून रांगेतले आठ ड्रायव्हर आत बसवले. आयुष्यात उतारूच्या सीटवर कधी न बसलेली ती आठ माणसं गुडघे आवळून, एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसत बसली. लारूसी चढला. त्यानं आरसा नीट केला, मग पुन्हा नीट केला. बाहेर सगळे थांबले होते. शेदली खोलीतून बाहेर आला होता. तिजानी खिडकीच्या अगदी जवळ उभा होता. लारूसीचा खालचा ओठ आत वळलेला त्याला दिसला.

लारूसीनं गाडी मुंगीच्या पावलावर घेतली आणि चाक पुरतं डावीकडे वळवलं. टायर खडीवर करकरले. मग पुरतं उजवीकडे. मग रांगेच्या दोन गाड्यांमधून, जिथून तरुणही आरसे मिटून नेतात, तिथून एक संथ वळसा. हात एकावर एक येत होते, जात होते, गाठोडं बांधणाऱ्या बाईच्या हातांसारखे. वळसा पुरा करून त्यानं गाडी जिथली तिथे आणून लावली.

दार सरकलं आणि आठही जण एकदम बोलायला लागले.

"लारूसी, क्लच खलास आहे रे तुझा!"

"क्लचचं काय, मधल्या सीटची स्प्रिंग बघ! माणसं बसवतोस की कोंबड्या?"

"आणि ब्रेक इतक्या उशिरा? माझ्या सासूनं लवकर दाबला असता!"

"काका, काच पुसत जा. गाबेस दिसायचं नाही."

शेदली प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत ऐकत होता. क्लच, स्प्रिंग, काच, भोंगा, मागच्या दाराचा कडीकोयंडा, एक खूप जुना वाद. स्टिअरिंगबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही. तो खोलीत गेला, सोमवारच्या यादीतलं नौफेलचं नाव खोडलं आणि वर लारूसीचं लिहिलं.

"डॉक्टरचा कागद दरवर्षी लागेल," तो खिडकीतून म्हणाला. "तो सगळ्यांना लागतो. मलाही."

नौफेलनं ते केसाळ कव्हर पाठीमागे धरलं होतं. सासऱ्यानं ते त्याच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत दिलं. "उस्ताच्या मोपेडला घाल," म्हणाला.

तिजानी गाडीच्या दाराजवळ उभा राहून हात पुसत होता. हात स्वच्छ होते. त्याच्या नळीच्या उरलेल्या दहा गाड्यांपैकी चारच ड्रायव्हर त्या दिवशी थांब्यावर होते. त्यातल्या दोघांनी त्याच्याशी बोलणं टाळलं आणि एक जण हसत म्हणाला की उस्ता, माझी राहू दे, मला सवय झालीय. "सवय काढून टाकायला बुधवारी ये," तिजानी म्हणाला. कोणी ती जुनी म्हण काढली नाही.

उतारू यायला लागले. लारूसीनं दाराशी उभं राहून गाबेसचा पुकारा सुरू केला. मध्येच थांबून त्यानं तिजानीकडे मान वळवली.

"उस्ता, तू येणार आहेस की नुसता दार अडवून उभा आहेस? हो बाजूला. माणसं चढताहेत."

तिजानी बाजूला झाला.